चार बिऱ्हाडांचा स्विच

त्या इस्पितळात तिला नावाने कोणी ओळखत नाही. दारावरच्या रखवालदारापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांसाठी ती नेटवर्कबाई. कॉम्प्युटर हळू चालला, बोलवा नेटवर्कबाईंना. प्रिंटर रुसला, बोलवा नेटवर्कबाईंना. एकदा तर वरच्या मजल्यावरचा नळ गळत होता तेव्हाही तिलाच बोलावलं, आणि तिने जाऊन वॉशर बदलूनही दिला, कारण नाही म्हणत बसण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात पाना फिरवून होतो असं तिचं मत. सगळे तिला अहो-जाहो करतात. आपण मात्र अगं-तुगंच करू, कारण आपल्याला तिच्या माहेरापर्यंत जायचंय, आणि माहेरी कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही.

पन्नाशीला टेकलेली, बुटकी, चालताना नजर कायम छताकडे. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो. तो म्हणतो की हिला कुठे लग्नाला न्या, बाकीच्या बायका साड्या बघतात, ही पंख्यामागून गेलेली वायर बघते आणि जेवणावर बसली तरी ‘कोणी हो ओढली ही?’ असं विचारते. इस्पितळात तिची खोली जिन्याखाली. खिडकी नाही. एक टेबल, एक लोखंडी कपाट, कपाटात लुकलुकणारे दिवे, आणि ते दिवे गरम होऊ नयेत म्हणून लावलेला पंखा, ज्याचा वारा तिला कधीच लागत नाही. याबद्दल तिने आजवर एकदाही तक्रार केलेली नाही.

तिच्या वडिलांचं रेडिओ आणि टेलिफोन दुरुस्तीचं दुकान होतं. ते अचानक गेले तेव्हा दादा कॉलेजात होता. त्याने कॉलेज सोडलं आणि दुकानात बसला. पुढे कचेऱ्यांमधून कॉम्प्युटर आले, ते एकमेकांना जोडायचं काम आलं, आणि दादाने ओळखलं की आता रेडिओ दुरुस्त करून पोट भरणार नाही. वायरी ओढायला छताच्या वरून सरपटत जावं लागे. दादा अंगाने दांडगा, त्या फटीत कसला मावतोय. मग शाळकरी बहीण वर आणि दादा खाली शिडीवर टॉर्च धरून, अशी कामं चालायची. वायरीतल्या आठ बारीक तारांपैकी कोणत्या रंगापाठी कोणता रंग लावायचा हे त्याने तिच्याकडून पाढ्यासारखं घोटून घेतलं. पुढे नेटवर्कचा मोठा कोर्सही त्यानेच तिला करायला लावला. दोघांपैकी एकाने तरी नीट शिकावं, आणि माझं डोकं आता पुस्तकात बसत नाही, असं तो म्हणाला होता. तर तिच्या हातात जे काही आहे ते दादाच्या हातून आलेलं. हे ती विसरली असती तर पुढचं सगळं दोन ओळींत संपलं असतं. ती विसरली नव्हती.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुपारची भेटीची वेळ. इस्पितळातल्या प्रत्येक यंत्राला, मग तो कॉम्प्युटर असो, कॅमेरा असो की कोणाच्या खिशातला फोन, जाळ्यात शिरायचं तर एक पत्ता लागतो. पत्ता नसेल तर त्याच्याशी कोण बोलणार? हे पत्ते वाटायचं काम कोपऱ्यातला एक म्हातारा राउटर करायचा. त्याच्याकडे पत्ते होते अडीचशेच्या आसपास. इस्पितळ लहान होतं तोवर ते पुरून उरत. पण आता भेटायला येणारा माणूस एकटा येत नाही. त्याचा फोन येतो, त्याच्या मुलाचा फोन येतो, कोणाच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा पत्ता मागतं. आणि एकदा घेतलेला पत्ता, माणूस घरी जाऊन झोपला तरी, दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याच नावावर राहतो. खोली रिकामी आणि भाडेकरू कुलूप लावून गावाला, असा तो प्रकार.

त्या दुपारी क्षणभर वीज गेली आणि आली. दुसऱ्या मजल्यावर घंटांचं यंत्र आहे. खाटेशेजारचं बटण दाबलं की ते सिस्टरांच्या टेबलावर घंटा वाजवतं. ते बंद पडून पुन्हा सुरू झालं आणि शहाण्या मुलासारखं रांगेत उभं राहून पत्ता मागू लागलं. पत्ता शिल्लक नव्हता. सगळे पत्ते पाहुण्यांच्या खिशात. खोलीतल्या बटणावर लाल दिवा लागत होता, म्हणून खोलीतल्याला वाटे की निरोप पोचला, येतील आता. टेबलावर घंटा वाजत नव्हती, म्हणून सिस्टरांना वाटे की आज बरी शांतता आहे. दोघांचंही काही चुकलेलं नव्हतं.

त्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी बटण दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं. माणूस किती वेळ कळ काढणार? शेवटी ते स्वतःच उठले आणि न्हाणीघराच्या दारात पडले. मनगट मोडलं. संध्याकाळी नेटवर्कबाई त्यांना भेटायला गेली, माफी मागायची म्हणून. मास्तरांनी तिला बोलूच दिलं नाही. उलट तिलाच विचारलं, “बाई, मी बटण नीट दाबलं होतं ना? मला वाटलं, माझ्याच बोटात जोर राहिला नाही.”

हे तिला फार लागलं. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी जाऊन ती जेवली नाही. आपण बसवलेल्या यंत्राने एका म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या बोटावरचा विश्वास काढून घेतला, हे तिच्या मनातून जाईना. पाहुण्यांना पत्ता तासाभरापुरताच द्यायचा, एवढी दुरुस्ती तिने त्याच दिवशी करून टाकली होती. पण ते ठिगळ होतं, आणि ठिगळ किती दिवस टिकतं हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मोठे डॉक्टर भला माणूस, पण वायरीतलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. तिने समजावून सांगितलं की आज आपलं सगळं एका घरात एकत्र नांदतंय, पाहुणे ओसरीवर आणि पाहुणेच मुदपाकखान्यात. याची चार बिऱ्हाडं करायची. घंटा आणि खाटेजवळची यंत्रं एका बिऱ्हाडात, कचेरी दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात, पाहुण्यांचे फोन चौथ्यात. भिंती विटांच्या नाहीत, त्याच वायरीत मनाने घातलेल्या. त्याला आमच्यात व्हीलॅन म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाचे पत्ते वेगळे. पाहुण्यांनी त्यांचे संपवले तर संपवू देत, घंटांच्या पत्त्यांना ते हात लावू शकणार नाहीत. त्यासाठी मधला स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा, नवा लागेल. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “तुम्ही निवडा. तुम्ही म्हणाल तिथे मी सही करतो.” एखाद्याला याने हायसं वाटलं असतं. तिला मास्तरांचं मनगट आठवलं.

वायरीचा सगळा माल इतकी वर्षं दादाच्याच दुकानातून यायचा. त्यात चोरीमारी काही नव्हती, सगळ्यांना माहीत होतं, आणि माल चोख असायचा. तिने दादाला फोनवर सगळं सांगितलं. दादा एवढा खूश झाला की तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्याने फोन ठेवला, आणि दोन दिवसांनी खोकं काखेत मारून जिन्याखाली हजर. स्विच टेबलावर ठेवला आणि म्हणाला की घे, यात व्हीलॅन पाहिजे तेवढे पाड, चार काय चाळीस पाड. मग चहा प्यायला, बहिणीच्या पंख्याची दिशा चुकली आहे असं सांगितलं, आणि गेला.

कोणताही डबा भिंतीवर चढवण्याआधी टेबलावर चालवून बघायचा, हा तिचा नेम. तिच्या टेबलाच्या खणात चार जुने फोन आहेत, काचा तडकलेले, पण जाळ्याशी बोलण्यापुरते धडधाकट. तिने स्विचला चार बिऱ्हाडं पाडून दिली. भिंती सुरेख पडल्या. मग एकेका बिऱ्हाडात एकेक फोन सोडला. कचेरीच्या बिऱ्हाडातल्या फोनला पत्ता मिळाला. बाकीचे तिघे नुसते गोल गोल फिरत राहिले. तिने पुन्हा करून बघितलं, मग सोबतचं माहितीपत्रक वाचलं, आणि तिच्या लक्षात आलं. पत्ता मागणारं यंत्र आपल्या बिऱ्हाडात उभं राहून हाक मारतं, आणि ती हाक भिंतीपलीकडे जात नाही. भिंती घातल्या की प्रत्येक बिऱ्हाडात ओ द्यायला कोणीतरी हवं. हा स्विच भिंती घालायचा, पण ओ द्यायचा तो एकाच बिऱ्हाडात, जिथून त्याचा स्वतःचा कारभार चालतो त्या कचेरीच्या, आणि ते बदलता येत नव्हतं. दादाने घाऊक व्यापाऱ्याला विचारलं असणार की व्हीलॅन चालतं का. व्यापारी म्हणाला असणार, चालतं. दोघंही खरं बोलले. पुढचा प्रश्न, की मग पत्ते कोण देणार, तो दादाने विचारलाच नाही, कारण तो प्रश्न असतो हे दादाला माहीत नव्हतं.

घंटांना हाताने कायमचे पत्ते लिहून द्यावेत, तर ती यंत्रं तेही घेत नव्हती. त्यांना मागूनच हवं असायचं. मग एक वाट उरत होती. स्विचमधून एक वायर काढून म्हाताऱ्या राउटरला जोडायची, आणि चारही बिऱ्हाडांना पत्ते देण्याचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायचं. तिने तसंही करून पाहिलं. चारही फोन चालले. आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, घोडं अडलं कुठे? घोडं अडलं ते असं की तो राउटर उन्हाळ्यात तापला की गप्प बसायचा. बसला की कोणाला कळायचंही नाही. ज्यांच्याकडे पत्ते आहेत ते चालत राहणार, आणि नेमकं जे यंत्र त्या वेळी मागायला येईल ते उपाशी राहणार. तिने दुसरा एक स्विच पाहून ठेवला होता, जो प्रत्येक बिऱ्हाडासाठी पत्त्यांचा वेगळा साठा स्वतःच्याच पोटात ठेवतो. तो बंद पडला तर सगळंच बंद पडेल, हे खरं. पण मग सगळ्या इस्पितळाला दिसेल, आरडाओरडा होईल, माणसं खोल्यांकडे धावतील. दिसणारा बिघाड परवडतो. मास्तर पडले ते न दिसणाऱ्या बिघाडाने.

दादाचा स्विच चालला असता. बहुतेक चालला असता. हा ‘बहुतेक’ शब्द आठवडाभर तिच्या डोक्यात भुणभुणत होता. एकीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या खाटा, दुसरीकडे दादा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि खरं सांगायचं तर तिला दादाच्या रागाची भीती नव्हती. दादाचा राग म्हणजे दुधाची उकळी, फुंकर मारली की खाली. तिला भीती होती ती वेगळीच. ज्याने आपल्याला शिकवलं त्याला हे आता येत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगायचं कसं?

रविवारी ती माहेरी गेली, सांगून टाकायचंच असं ठरवून. दादा बाहेर गेला होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. घडी घालता घालता ती सांगत राहिली की दुकानात हल्ली कोणी फिरकत नाही, लोक घरबसल्या फोनवरून माल मागवतात, हे नुसते गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघत असायचे. पण इस्पितळाचं काम आल्यापासून माणूस बदललाय. सकाळी दाढी करतात, गुणगुणतात, शेजारच्या चष्मेवाल्याला जाऊन सांगून आलेत की इस्पितळाची नवी बांधणी माझ्याकडे आहे. तुझ्यामुळे माणसात आले गं, असं वहिनी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात दादा आला. मग बोलणं झालं ते भाच्याच्या परीक्षेबद्दल आणि गच्चीतल्या पाण्याच्या टाकीबद्दल. ताकाला गेली आणि भांडं लपवून परत आली, असं झालं.

शेवटी तिने फोन केला, आणि फोनवर जे करू नये ते केलं. म्हणाली की दादा, मी पुष्कळ सांगितलं, पण डॉक्टर नको म्हणाले, त्यांना दुसराच स्विच हवाय.  मग त्या डॉक्टराला वायरीतलं काय कळतं, असं म्हणून पलीकडून दादाने डॉक्टरांचा उद्धार केला, आणि तू मनाला लावून घेऊ नकोस असं वर तिलाच समजावलं. तिने फोन ठेवला तेव्हा तिला रडू आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “खोट्याला पाय नसतात म्हणतात. पण तुझ्या खोट्याला दादाचे पाय आहेत. ते चालत इस्पितळात येईल बघ.”

आणि तसंच झालं. बहिणीचा शब्द डॉक्टरने खाली पाडला, हे दादाच्या जिवाला लागलं होतं. स्विच गेला खड्ड्यात, पण माझ्या बहिणीला तिच्या कामातलं कोणी शिकवायचं नाही, असं म्हणत तो इस्त्रीचा सदरा घालून थेट मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला. डॉक्टर गोंधळले. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सरळ मनाने सांगून टाकलं की अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी कशाला नाही म्हणेन? सगळं तुमच्या बहिणीने ठरवलंय. मी फक्त सही केली.

तिथून दादा जिन्याखाली आला. त्या दारातून आत यायचं तर मान वाकवावी लागते. तो आत आला, एक खोकं उलटं करून त्यावर बसला आणि बराच वेळ कपाटातल्या दिव्यांकडे बघत राहिला. डॉक्टरांकडे काय झालं ते तिला त्याच्या तोंडावरच दिसलं.

“डॉक्टर नको म्हणाले?” त्याने विचारलं.

तिने पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

“स्विचमध्ये खोट होती तर मला सांगायचं होतंस. मी भांडलो असतो, आठ दिवस तोंड फिरवलं असतं, तुझ्या वहिनीने माझी समजूत काढली असती. ते सगळं मला चाललं असतं.”

“तुला वाईट वाटलं असतं, दादा.”

“मग वाटू द्यायचं. मला वाईट वाटलं तर ते माझं मी बघेन. ते तू परस्पर का ठरवतेस? मी काय कुकुलं बाळ आहे?”

 तिला लाज वाटली, आणि ती लाज खोटं पकडलं गेल्याची नव्हती. आपण दादाला सांभाळतोय असं ती स्वतःला सांगत होती, पण सांभाळलं होतं तिने स्वतःलाच. समोर बसून बोलण्याचा कठीण अर्धा तास तिने टाळला होता. हे तिला तिथे, त्या खोक्यावर बसलेल्या भावाकडे बघताना कळलं.

“दाखव,” दादा म्हणाला. “कुठे अडतं ते दाखव.”

तिने खणातून चारही फोन काढले आणि त्याचा स्विच टेबलावर घेतला. एक चालला, तीन फिरत राहिले. हाक आणि भिंत आणि ओ देणारं कोणी नाही, हे सगळं तिने सांगितलं, काही न वगळता. दादा खाली वाकून बघत होता. मग राउटर जोडला की काय होतं ते दाखवलं, आणि राउटर गप्प बसला की काय होतं तेही. राउटरची वायर त्याने स्वतःच्या हाताने उपटली. चालणारे चारही फोन तसेच चालत राहिले. तिने त्यातला घंटांच्या बिऱ्हाडातला फोन बंद करून चालू केला. तो फिरत राहिला. बाकीचे तीन मजेत होते, आणि नुसतं टेबलाकडे बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटलंही नसतं.

दादा ताठ झाला. त्याचा चेहरा उतरला.

“हाच स्विच मी दुसरीकडे लावलाय,” तो म्हणाला. “कालव्यापलीकडच्या वृद्धाश्रमात. तिथेही पत्ते राउटरच देतो. तिथल्या बाईंचा दोनदा फोन आला होता, घंटा मधूनच मुक्या होतात म्हणून. मी गेलो, बंद करून चालू केलं आणि आलो. मला वाटलं, घंटाच हलक्या आहेत.”

तिच्या मनात आलं, आपलं खोटं पचलं असतं तर? डॉक्टर जरा कमी सरळ असते, हो हो म्हणाले असते, तर दादा मान हलवत घरी गेला असता. तिने निवडलेला स्विच इथे भिंतीवर चढला असता, इथले म्हातारे सुखरूप राहिले असते, आणि कालव्यापलीकडे कोणीतरी आपल्याच बोटात जोर राहिला नाही असं समजून खाटेवरून उठलं असतं. दादाला वाईट वाटू नये म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठी.

आधी फोन कर, असं तिने सांगितलं. त्यांना सांग, नवा स्विच बसेपर्यंत घंटांवर विसंबू नका, कोणीतरी खोल्याखोल्यांतून सारखं फिरत राहा. दादाने लगेच फोन केला. पलीकडच्या बाईंनी का म्हणून विचारलं असावं, कारण येऊन सांगतो असं तो म्हणाला. फोन ठेवल्यावर तिने चप्पल पायात सरकवली. चल, मी येते, मी बोलते त्यांच्याशी, दोन मिनिटांचं काम आहे.

“तू येऊ नकोस,” दादा म्हणाला. “तू आलीस की त्या बाई तुझ्याकडे बघून बोलतील, आणि मी वायरीचं भेंडोळं हातात घेऊन मागे उभा राहीन. लावलाय मी. सांगणार मी. फक्त नीट काय सांगायचं ते मला शिकव.”

ती परत खुर्चीवर बसली. तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि तो मध्ये मध्ये थांबवून विचारत राहिला. हाक म्हणजे नक्की काय? एका बिऱ्हाडातली हाक दुसऱ्यात गेली तर बिघडलं कुठे? साठा स्विचच्या पोटात आहे की नाही हे घेताना ओळखायचं कसं? त्याचे प्रश्न चांगले होते. एकदोनदा ती स्वतःच विचारात पडली. दुकानातला माल परत करता येईल का, चष्मेवाला काय म्हणेल, असलं तो काही बोलला नाही. बोलणार होता बहुधा, कारण एकदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तो म्हणाला की आता मी सांगतो, तू ऐक, तू म्हणजे वृद्धाश्रमातल्या बाई आहेस असं समज. त्याने घसा साफ केला, सदरा खाली ओढला आणि सांगायला लागला. स्विच भिंती घालतो. पत्ते राउटर देतो. राउटर तापला की अडकतो, म्हणून घंटा मुक्या होतात. बाई, तुमचा राउटर जुना झालाय, तेवढा बदलला की सगळं ठीक होईल.

हे जवळजवळ खरं होतं. नव्या राउटरने घंटा बऱ्याच वाजल्या असत्या. त्या बाईंना यातलं काही कळलं नसतं, आणि दादा मान वर करून परत आला असता. तो तिच्याकडे बघत होता, मान डोलण्याची वाट बघत. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि कानशिलापाशी केस किती पांढरे झालेत हे तिला आज पहिल्यांदाच दिसलं. ‘हो, बरोबर’ हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते.

“चुकलं, दादा,” ती म्हणाली. “पुन्हा सांग.”

दादाने मान खाली घातली. टेबलावरचा आपला स्विच त्याने पुढ्यात ओढला. मग त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

“बाई, मी तुमच्याकडे चुकीचा स्विच लावलाय.”

त्यापुढचं सगळं त्याने बरोबर सांगितलं.